आठपैकी साडेचार

गेली 19 वर्षं मी निर्जीव वस्तूंना बोलायला लावते आहे. फळा बोलला, छत्री बोलली, फाटकं पुस्तक बोललं, पडका वाडा बोलला. एका वर्षी पोरांनी एसटी स्टँडवरच्या बाकड्यालाही कंठ फोडला. या सगळ्या वस्तूंचं बोलणं मात्र एकाच गाईडातलं. लेखक शाळेतून घरी निघालेला असतो. तेवढ्यात 'अरे, थांब जरा!' असा आवाज येतो. लेखक दचकून इकडेतिकडे बघतो. कोणीच दिसत नाही. मग वस्तू म्हणते, 'घाबरू नकोस, मीच बोलतोय.' पुढे जन्म, बरे दिवस, वाईट दिवस आणि समाजाला संदेश अशा क्रमानं ती आपली कर्मकहाणी सांगते आणि एकाएकी आवाज बंद होतो. नववीच्या माझ्या वर्गात 54 वह्या आहेत. एका रात्रीत 54 वेळा दचकून इकडेतिकडे बघितलं, की मान धरते.

दर वर्षी मी लाल पेनानं समासात लिहिते, 'स्वतःच्या शब्दांत लिहा.' हे स्वतःचे शब्द मिळतात कुठं, असं आजवर एकाही पोरानं विचारलं नाही, म्हणून माझी नोकरी टिकली.

मग प्रशिक्षण आलं. प्रशिक्षण म्हणजे सही, चहा, सही, उपमा, सही. मी विणकाम घेऊनच गेले होते. पण या वेळचा सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, तरुण होता आणि पीपीटी उघडेना, त्यामुळे त्याला आमच्याशी बोलावं लागलं. त्यानं विचारलं, "गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय लिहिलंत?"

सभागृहात शांतता. मग एकेक उत्तर आलं. रोजच्या पाठांचं टाचण. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब. मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, "वैद्यकीय बिलाचा अर्ज लिहिला. चार वेळा."

"वा! म्हणजे पुनर्लेखन केलंत."

"नाही. चारही वेळा त्रुटी लावून परत आला."

सुलभकानं ते हसण्यावारी नेलं आणि आमची शाळा घेतली. केशवसुत शिक्षक होते. इंदिरा संत शिक्षिका होत्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. दैनिक! आमच्या शाळेतल्या फळ्यावरचा सुविचार गणपतीत लिहिलेला असतो आणि दिवाळीपर्यंत टिकतो. मग सुलभक बोलता बोलता अमेरिकेत पोचला. 1974 साली बर्कलेच्या विद्यापीठात जेम्स ग्रे नावाच्या गृहस्थांनी शाळांमधल्या शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळा केलं आणि त्यांनाच लिहायला बसवलं. लेखन शिकवणाऱ्यानं आधी स्वतः लिहावं, असं त्यांचं म्हणणं. तीच चळवळ पुढे देशभर पसरली. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "त्यांना निकालपत्रकं नसतील."

"आता आपणही लिहू या," सुलभक म्हणाला. "20 मिनिटं. विषय: माझ्या लहानपणीचं स्वयंपाकघर."

पुढच्या मिनिटभरात त्या सभागृहाची नववी ब झाली. "किती ओळी?" "समास सोडायचा का?" "मुद्दे देणार का?" "एक पेन जास्तीचं आहे का कोणाकडे?" दोघी पाणी प्यायला गेल्या त्या आल्याच नाहीत. वैद्यकीय बिलवाले सर शेजारच्याच्या कागदात डोकावत होते. हे तेच सर, ज्यांच्या सुपरव्हिजनला पोरं शिंकायलाही घाबरतात.

मी लिहिलं, 'आमचे स्वयंपाकघर लहान पण टापटीप होते.' आणि थांबले. ते टापटीप नव्हतं. स्टोव्हच्या धुरानं एक भिंत काळी होती आणि फळीवर निम्मे डबे बिनझाकणाचे होते. मला हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, पण हात 'टापटीप'च्या पुढे सरकेना. 20 मिनिटांत माझ्या 6 ओळी झाल्या. त्यांतली एक 'तेथे प्रेमाचा सुगंध दरवळत असे' अशी होती. सुगंध रॉकेलचा यायचा.

शाळेत परतल्यावर मी चूक केली. वर्गात सांगून टाकलं, "आजपासून तुम्ही लिहाल तेव्हा मीही लिहिणार."

पोरांचा उत्साह बघून मला तेव्हाच संशय यायला हवा होता. विषय त्यांनीच निवडला, 'मी शाळेची घंटा बोलतेय.' आमची घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. मी ऐटीत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बसले म्हणजे दोन पोरींच्या मध्ये अडकले. 35 मिनिटांचा तास. पहिली 10 मिनिटं पेनाचं टोपण चावण्यात गेली. टोपण चावणाऱ्यांना मी आजवर किती बोलले असेन, त्याचा हिशेब तिथंच चुकता झाला. एवढ्यात हेडसर फेरी मारत दारात आले, खुर्ची रिकामी बघून म्हणाले, "बाई कुठायत?" 54 बोटं मागच्या बाकाकडे वळली. मी उभी राहायला गेले, पण बाक माझ्यासोबत उठला.

"टाचणात नोंद आहे का याची?" एवढंच विचारून ते गेले. त्या दिवशी टाचणात मी लिहिलं: 'शिक्षक कृती: लिहिणे. विद्यार्थी कृती: हसणे.' खाली त्यांची सही आहे. ते टाचण वाचत नाहीत, असा मला फार दिवसांचा संशय होता.

लेख अर्धाच झाला होता, म्हणून घरी नेला. रात्री जेवणं व्हायच्या आधी ओट्याशी उभी राहून लिहू लागले. सासूबाईंना वाटलं दुधाचा हिशेब चाललाय. त्या म्हणाल्या, "मंगळवारी अर्धा लिटर जास्ती घेतलं होतं, ते धर." नवरा म्हणाला, "एवढं कोणाला लिहितेयस?" मी म्हटलं, "घंटा." तो बिचारा गप्प झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचं पिठलं झालं. कोणी काही बोललं नाही. लेखकाच्या घरात एवढं चालतंच, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या एका वाक्यानं मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाचन. पोरं म्हणाली, "आधी बाई!" मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "सायंकाळची वेळ होती. मी शाळेतून घरी निघाले होते. तेवढ्यात व्हरांड्यातून 'अगं, थांब जरा' असा आवाज आला. मी दचकून..."

पुढचं मला वाचता आलं नाही. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "...इकडेतिकडे पाहिले!"

देवाशपथ सांगते, मला लिहिताना पत्ताही लागला नव्हता. मला वाटलं होतं, हे आतून आलंय. 19 वर्षांत हजार पोरं माझ्यासमोर दचकली असतील, तो सगळा दचका माझ्यात साठून राहिला होता आणि पहिली संधी मिळताच बाहेर पडला.

मग मॉनिटर उठली. दोन वेण्या, चष्मा, आवाज हुबेहूब माझा. "बाई, वही द्या. तपासायची आहे." दहावीला 80 गुणांपैकी 24 उपयोजित लेखनाला असतात, त्यांतले 8 असल्या लेखनाला, हे मीच त्यांना दर आठवड्याला ऐकवते. म्हणून 8 पैकी तपासायचं ठरलं. वही पहिल्या बाकावरून निघाली आणि मधली सुट्टी संपेपर्यंत परत आली नाही. आली ती लालेलाल होऊन. 'अक्षर सुधारा.' 'पाल्हाळ टाळा.' 'प्रेमळ घंटा म्हणजे काय?' 'घंटा बाई आहे तर मध्येच मीच बोलतोय का?' आणि एका शब्दाभोवती तर तीन गोल. शुद्धलेखनाचे 18 नियम मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी मी क्रमानं सांगेन. प्रतिभेच्या भरात मी 'आशिर्वाद' लिहिलं होतं. समासात शेरा होता: 'आशीर्वाद. 10 वेळा लिहा.' मी 5 वेळाच लिहायला लावते. नवी पिढी कडक आहे.

गुण 4½.

"अर्धा कशाचा कापला?" मी पोरांसारखीच वकिली सुरू केली.

"तुम्ही घंटेचा आवाज कसा येतो ते लिहिलंच नाही," मॉनिटर म्हणाली. "नुसतं 'मधुर' लिहिलंय. रूळ मधुर वाजतो का बाई?"

तेवढ्यात खिडकीजवळच्या पोराला मी वाचायला उठवलं. हा पोरगा कधीच पाच-सहा ओळींच्या पुढे जात नाही आणि मी दर वेळी त्याच्या वहीत 'विस्तार करा' लिहून 3 गुण देते. त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यानं कागद तोंडासमोर धरून एका दमात वाचलं, "मी घंटा. शिपाईमामा मला मारतात तो हातोडा नाही, टायर काढायचा बार आहे. तो आमच्या दुकानातून दिलाय. पहिल्या तासाला मला मार बसतो तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरतात. शेवटच्या तासाला मला मार बसतो तेव्हा सगळी पोरं ओरडत पळतात. रविवारी मला कोणी मारत नाही. मग चिमणी येऊन बसते, पण मी वाजत नाही."

वर्ग गप्प. कोणी दचकलं नव्हतं, कोणी संदेश दिला नव्हता.

मी सवयीनं लाल पेन काढलं. 'विस्तार'मधला 'वि' लिहून झाला. आता त्या 'वि'चं काय करायचं, हे कळेना. खोडला तर पोरगा विचारणार. शेवटी कसंबसं ओढूनताणून 'विशेष' केलं आणि 7 गुण दिले. पोरगा वही घेऊन जागेवर गेला, बसला, पुन्हा उठून आला. म्हणाला, "बाई, बेरीज चुकली का?"

पोरांना आता चटक लागली आहे. दर शुक्रवारी माझी वही जमा करावी लागते. 'वर्गपाठ अपूर्ण' असा शेरा मला दोनदा मिळालाय. एकदा मी यू-डायसची माहिती भरायची होती असं कारण सांगितलं, तर मॉनिटर म्हणाली, "कारणं सांगू नका." शब्द माझे, सूर माझा, वर केलेली भुवईसुद्धा माझी. आठवीपर्यंत ही पोरगी किती गरीब होती!

त्या पहिल्या लेखाच्या खाली मात्र मी घाईत न वाचलेली एक ओळ होती. ती घरी आल्यावर दिसली. 'पालकांची सही आणावी.'

आता 46व्या वर्षी पालक कुठून आणायचे? नवरा म्हणाला, त्याला यात ओढू नकोस. आई गावी असते. शेवटी वही सासूबाईंपुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, सगळी लाल रेघोटी शांतपणे खालपर्यंत वाचली, 'आशीर्वाद' शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि झोकात सही ठोकली.

मग वही मिटत म्हणाल्या, "आठपैकी साडेचार. बरं, आणि वर्गात पहिलं कोण आलं?"