मेंटॉरशिपची झाकली मूठ

मुलांचं भलं करायचं मनावर घेतलंय? उत्तम. आधी लोगो आणि टी-शर्ट ठरवा. मुलांमध्ये नेमकं काय बदलायचं होतं, ते अहवाल लिहिताना सुचतंच.

मेंटॉरच्या, म्हणजे मुलाला सोबत आणि मार्गदर्शन देणाऱ्या ताई-दादांच्या, प्रशिक्षणाला एक दुपार पुरे. २००२ मध्ये संशोधक डेव्हिड ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी अशा उपक्रमांची ५५ मूल्यमापनं एकत्र तपासली. सरासरी फायदा माफकच निघाला. मेंटॉरना सतत प्रशिक्षण आणि उपक्रमावर देखरेख असेल तिथे जास्त. पण देखरेखीचा फोटो कुठे चांगला येतो!

एखादा मेंटॉर तीन महिन्यांत गायब झाला, तर त्याचं मूलही अहवालातून गायब करा. अशा अर्धवट सुटलेल्या मुलांचा आत्मसन्मान उलट खालावतो, असं त्याच वर्षी ग्रॉसमन आणि ऱ्होड्स (दोघींचंही नाव जीन) यांनी दाखवलं होतं. तुम्ही कशाला दाखवताय?

पहिली चाचणी मूल सगळ्यात बिथरलेलं असताना घ्या. सहा महिन्यांत ते आपसूक थोडं निवळतं, श्रेय तुमचं. तुलनेसाठी दुसरा गट ठेवा असं कोणी सुचवलं, तर त्याला पुढच्या बैठकीला बोलावू नका.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सॉमरव्हिल उपक्रमाने नेमकी ही दुसरा गट ठेवायची चूक केली. १९३९ मध्ये त्यांनी सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि चक्क नाणं उडवलं. एकाला समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काहीच नाही. एकूण ५०६ मुलं, मदत सरासरी पाच वर्षं. तिथेच थांबते तर आजही हारतुरे मिळाले असते. पण जोन मॅकॉर्ड या संशोधक बाई तीस वर्षांनी त्या मुलांना हुडकत निघाल्या. १९७८ मध्ये त्यांनी जे छापलं, त्यात दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, पुन्हा पुन्हा गुन्हे, लवकर मरण या सगळ्यांत मदत मिळालेल्यांचीच अवस्था जास्त वाईट होती. दुसरा गट नसता, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आणि गंमत अशी, की मदत मिळालेल्यांतले सुमारे दोन तृतीयांश पुरुष म्हणत होते, उपक्रमाचा आम्हाला फायदा झाला!

अहवालात घ्यायचं ते हेच. त्यासाठी अभिप्रायाच्या फॉर्मवर एकच प्रश्न ठेवा: ‘ताई आवडल्या का?’ आणि मूल फॉर्म भरत असताना ताईंना शेजारीच बसवा.