गॅनॉनडॉर्फ सुधार योजना: अंमलबजावणीसाठी मार्गदर्शक सूचना

अभिनंदन! फायटिंग गेमचा बॅलन्स, म्हणजे कुठलं कॅरेक्टर किती जोरदार असावं याचा तोल, सांभाळायचं काम तुमच्याकडे आलंय आणि पहिल्याच दिवशी टेबलावर जुनं दुखणं येऊन पडलंय. एक अगडबंब कॅरेक्टर, दिसायला यमदूत, मारायला लागला तर समोरचा थेट पडद्याबाहेर, आणि तरी टिअर लिस्टमध्ये, म्हणजे कॅरेक्टरांच्या ताकदीच्या क्रमवारीत, कायम तळाशी. घाबरू नका. तुमच्या आधीच्यांनी या कामात इतकी वर्षं घालवली आहेत की वाट चांगली मळलेली आहे. तुम्ही फक्त इकडेतिकडे न बघता चालायचं.

उदाहरणाला लांब जायला नको. निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मधला गॅनॉनडॉर्फच घ्या. हा गेम ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे आयुष्याची पट्टी रिकामी होत नाही. मार खाल तशी तुमची टक्केवारी वाढते, टक्केवारी वाढेल तसे तुम्ही लांब उडता, आणि रिंगणाबाहेर गेलात की एक जीव गेला. जो वजनदार तो कमी उडतो, म्हणून जास्त टिकतो. निदान हिशेब तरी असा आहे.

सुरुवात जन्मापासूनच करावी. 1998च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या ‘झेल्डा’ मालिकेतल्या गेममध्ये हा माणूस जादूगार राजा आहे. मनोऱ्याच्या टोकावर बसून ऑर्गन वाजवतो, हवेत तरंगतो, हातातून विजेचे गोळे फेकतो. (ते गोळे आपला हिरो तलवारीने परतवतो, आणि मनात आलं तर रिकाम्या बाटलीनेसुद्धा. पण राजाची अब्रू हा आजचा विषय नाही.) 2001मध्ये ‘स्मॅश ब्रदर्स मेले’त त्याला पहिल्यांदा खेळाडू म्हणून घ्यायचं ठरलं. तुमच्या जागी एखादा अननुभवी माणूस असता तर त्याने तरंगणं दिलं असतं, गोळे दिले असते. तसलं काही करायचं नाही. त्याला कॅप्टन फाल्कनच्या चाली द्यायच्या. कॅप्टन फाल्कन कोण, तर ‘एफ-झिरो’मधला रेसिंग ड्रायव्हर. अंगकाठी जवळपास सारखी आहे, तेवढं पुरे. त्यातून फाल्कनचा वेग काढून घ्या आणि त्या जागी ताकद भरा. जादूगाराकडे जादू उरली नाही, ड्रायव्हरकडून वेग आला नाही, आणि आपल्या हाती एक तयार हेवीवेट लागला.

पण ‘मेले’त एक घोटाळा झाला, त्यापासून धडा घ्या. तिथे हा गडी बराच बरा निघाला. उडी मारून मारलेल्या फटक्यानंतर जमिनीवर उतरताना जो खोळंबा होतो, तो ऐनवेळी बटण दाबलं की निम्म्यावर येत असे. शिवाय हवेत फटक्याला बगल द्यायची हालचाल जमिनीत घुसवून सरपटत पुढेमागे सरकता येई, ज्याला खेळाडू वेव्हडॅश म्हणतात. या दोन गोष्टींमुळे हा जाडजूड राजा चक्क समोरच्यापर्यंत पोहोचू लागला. पोहोचल्यावर काय होतं ते सांगायला नको.

2008च्या ‘ब्रॉल’ या मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये ही चूक दुरुस्त झाली. खोळंबा निम्मा करायची सोय गेली, वेव्हडॅश गेला, आणि वर धावता धावता अधूनमधून कुणीही उगाचच ठेचकाळून पडेल अशी व्यवस्था झाली. ठेच सगळ्यांनाच लागायची म्हणा, पण जो आधीच कसाबसा पोहोचतो त्याच्यासाठी हा दुष्काळात तेरावा महिना. गॅनॉनडॉर्फ टिअर लिस्टच्या अगदी तळाला जाऊन बसला. त्याच गेममध्ये मेटा नाइट नावाचा चेंडूएवढा प्राणी एवढा माजला की पुढे कित्येक स्पर्धांनी त्याच्यावर बंदी घातली. बॅलन्स म्हणजे सरासरी काढणं, हे इथे लक्षात ठेवावं.

आता मुख्य उपाय. कॅरेक्टर कमजोर आहे अशी ओरड झाली की एकच करायचं: ताकद वाढवायची. कारण विचारलं तर सांगा की लोकांना आकडे दिसतात. त्याचा वॉरलॉक पंच बघा. जमिनीवर उभं राहून मारला तर तीस टक्के नुकसान, वळून मारला तर त्याहून जास्त. आहे की नाही भरघोस? फक्त बटण दाबल्यापासून फटका बसेपर्यंत सत्तर फ्रेम, म्हणजे पडद्यावरची सत्तर चित्रं, जातात. गेम सेकंदाला साठ फ्रेमने चालतो, म्हणजे सेकंद उलटून वर दहा फ्रेम. सर्वसाधारण माणसाला पडद्यावरचं काही पाहून बटण दाबायला पाव सेकंद लागतो. मारिओची साधी चापट दुसऱ्या फ्रेमला लागते.

या सेकंदभरात काय काय होतं ते एकदा निवांत बघाच. गॅनॉनडॉर्फ मूठ मागे नेतो. मुठीभोवती जांभळट अंधार जमू लागतो. समोरचा खेळाडू ते पाहतो, ओळखतो, बहुधा हसतो. मग तो शील्ड (मार अडवणारी ढाल) घेत नाही, पळतही नाही. चालत जवळ येतो आणि ग्रॅब करतो, म्हणजे पकडतो. इथे तुम्ही म्हणाल, अहो पण याच मालिकेतल्या 2018च्या ‘अल्टिमेट’मध्ये जमिनीवरून पंच मारताना सुपर आर्मर आहे ना, मार खाऊनही हात थांबत नाही! बरोबर. आर्मर मारापुरतं असतं, पकडीला ते लागू नाही. म्हणून तर दिलंय. पॅच नोट्समध्ये, म्हणजे गेममधल्या बदलांच्या जाहीर यादीत, छान दिसतं आणि कुणाचं काही अडत नाही.

अशा फटक्याचं नुकसान तिसावरून पस्तिसावर नेणं म्हणजे रोज एसटी चुकणाऱ्या माणसाला खिडकीजवळची सीट राखून ठेवणं. माणूस खूश होतो, एसटीही वेळेवर सुटते. तेव्हा निःसंकोच वाढवा.

वजनाबद्दल कुणी शंका काढली तर तिथेही उत्तर तयार ठेवा. ‘अल्टिमेट’मध्ये पिचूचं वजन 62, गॅनॉनडॉर्फचं 118, सगळ्यात जड बाउझर 135. ‘एवढं वजन दिलंय, आणखी काय पाहिजे?’ असं ठणकावून विचारायचं. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो वासा मात्र कुणाला दाखवायचा नाही. म्हणजे असं, की हलका माणूस दोन फटक्यांत उडून लांब जातो आणि त्याची सुटका होते. जड माणूस उडत नाही, तिथेच लटकत राहतो, भराभर खाली येतो, आणि खाली दुसरा फटका तयार असतो. अंगही एवढं ऐसपैस की नेम धरायची गरज नाही. चपळ कॅरेक्टरवाले कॉम्बोचा सराव कुणावर करतात, विचारून बघा. आणि एवढा मार खाऊन रिंगणाबाहेर पडलाच, तर परत यायला डार्क डाइव्ह ही वर झेपावणारी चाल आहे. उंची बेताची, वाट ठरलेली. समोरचा कडेला उभा राहून वाट बघतो आणि ठरल्या वेळी ढकलून देतो. वजनामुळे आयुष्य वाढलं हे खरंच आहे, ते आयुष्य हवेत जातं एवढंच.

तलवारीचा किस्सा तर प्रशिक्षणात शिकवायला हवा. 2001मध्ये जिंकल्यावर पोज देताना त्याने तलवार उपसून दाखवली. लोक म्हणाले, अरे वा, आता पुढच्या गेममध्ये वापरेल. 2008मध्ये समोरच्याला डिवचण्यासाठी त्याने ती बाहेर काढली, न्याहाळली आणि ठेवून दिली. वापरली नाही. लढाईच्या मध्यावर, मार खात असताना, एक माणूस उत्तम धारेची तलवार काढून तिच्याकडे बघतो आणि मग बुक्क्या मारायला जातो. इतका संयम संतांकडेही नसेल. शेवटी 2018मध्ये ती हातात आली. सतरा वर्षांनी! लोकांनी जल्लोष केला. तलवार आली ती तीन स्मॅश हल्ल्यांत, म्हणजे जे हल्ले आधीच जड होते त्यांतच. पोहोच थोडी वाढली, हे मान्य करायला हवं. पण ज्या छोट्या, झटपट फटक्यांवर फायटिंग गेममध्ये रोजचा संसार चालतो, तिथे काही फरक नाही. पुरवायची ती मागणी, गरज नव्हे, हे या खात्याचं ब्रीद समजा.

त्याच गेममध्ये 2020मध्ये स्टीव्ह आला, ‘माइनक्राफ्ट’मधला चौकोनी पोरगा. तो लढता लढता जमीन खणतो, ठोकळे उभे करतो, खाणीतली गाडी सोडतो, ऐरण टाकतो, पंख लावून उडतो, हत्यारं मोडली तर नवी बनवतो. पुढे त्याच्यावरही बऱ्याच स्पर्धांत बंदी आली. कुणी या दोघांची तुलना करू लागला तर विषय बदला. हवामानाचं बोला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढेमागे तुम्हाला ती ढाल म्हणून वापरायची आहे. घरी चार जण सोफ्यावर बसून खेळतात तिथे गॅनॉनडॉर्फ खरोखर कर्दनकाळ असतो. नवख्यांना शील्ड जमत नाही, बगल द्यायला सुचत नाही, सगळे एकाच जागी घोळका करून बटणं बडवत असतात. त्यात हा मागून येतो आणि एक लाथ घालतो. धाकटं भावंड रडत आईकडे जातं. ऑनलाइनही कनेक्शन अडखळतं तिथे समोरच्याला वेळेवर प्रतिक्रिया देता येत नाही, आणि हळू फटके अचानक जलद होतात. हा पेच बनावट नाही. जो सोफ्यावर राक्षस आहे तो स्पर्धेत पायपुसणं आहे, आणि दोन्हीकडे आकडे तेच. ताकद कमी करून हालचाल वाढवली तर दोन्ही टोकं जरा जवळ येतील, असं मला तरी वाटतं. पण ते तुम्ही करणार नाही, कारण मग त्याचा एक फटका बघून कुणी ‘आई गं’ म्हणणार नाही.

काही गोष्टींना तर चुकूनही हात लावू नका. हवेतल्या फटक्यांनंतर उतरतानाचा खोळंबा कमी करायचा नाही. फ्लेम चोक, म्हणजे गळा धरून आपटण्याची ती सुंदर पकड, तिच्यानंतर समोरचा उठतो, डावीकडे लोळतो, उजवीकडे लोळतो की पडून राहतो हे गॅनॉनडॉर्फला ओळखत बसावं लागतं. ओळखू द्या. पकडल्यावर हमखास एक फटका बसतोच अशी सवय लागली तर लोक त्याला पकडायलाच वापरतील. तीच पकड रिंगणाच्या कडेबाहेर लागली तर तो समोरच्याला घेऊन स्वतःही खाली जातो. शेंडी तुटो वा पारंबी, राजाला साजेसं आहे, राहू द्या. आणि प्रोजेक्टाइल, म्हणजे लांबून फेकायचं अस्त्र? ज्याने मूळ गोष्टीत दोन्ही हातांनी गोळे फेकले, त्याला एक साधा, हळू गोळा द्यावा अशी मागणी वर्षानुवर्षं होतेय. दिला तर समोरच्याला उडी मारावी लागेल. त्याने उडी मारली तर गॅनॉनडॉर्फ पोहोचेल. आपण इतकी वर्षं काय टाळतोय, आठवा.

प्रेक्षकांचाही विचार करायला हवा, आपलं पोट त्यांच्यावरच आहे. 2018च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत ‘स्मॅश 4’च्या, म्हणजे ‘अल्टिमेट’च्या आधीच्या गेमच्या, अंतिम सामन्यात दोन्हीकडे बेयोनेटा होती. सगळ्यात बलाढ्य कॅरेक्टर समोरासमोर, म्हणजे खेळाचा कळस. सभागृहातून हुर्यो आली. आता दुसरीकडे कुठल्याही छोट्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, कुणीतरी गॅनॉनडॉर्फ घेऊन बसतं. अकरा वेळा हुकतं. बाराव्यांदा समोरचा आळसावतो आणि वॉरलॉक पंच बसतो. लोक खुर्च्यांवर चढतात. नंतर तो माणूस हरतो, पण ती क्लिप फिरते. तळाचा माणूस तळाला ठेवला तरच हे जमतं. वर आणला तर त्यालाही हुर्यो मिळेल.

राहता राहिला तो मेन, म्हणजे ज्याने याच कॅरेक्टरवर जीव लावलाय आणि जो दर पॅचला आशेने नोट्स उघडतो. त्याला सांगायचं की कॅरेक्टर चांगलंच आहे, तू समोरच्याचं मन वाचायला शिक. फॉक्स हे चपळ कॅरेक्टर घेणाऱ्याला असं कुणी सांगत नाही, कारण त्याला वाचलेलं चुकलं तरी निभतं. याला दरवेळी अचूक वाचावं लागतं, मग बटण दाबावं लागतं, मग फटका निघेपर्यंत वाचलेलं तेच राहावं अशी प्रार्थना करावी लागते. या प्रकाराला समाजात ‘स्किल’ म्हणतात. शब्द छान आहे, फुकट आहे, सढळ हाताने वाटा.

‘अल्टिमेट’मधलं शेवटचं मोठं समायोजन डिसेंबर 2021मध्ये झालं आणि गॅनॉनडॉर्फ जिथे होता त्याच्या आसपासच राहिला. पुढचा गेम जेव्हा येईल तेव्हा फाइल तुमच्याकडे असेल. ट्रेलरमध्ये त्याला उंच दाखवा, खदाखदा हसू द्या, हाताभोवती अंधार फिरू द्या. पॅच नोट्समध्ये ‘काही हल्ल्यांची ताकद वाढवली’ एवढं मोघम लिहा. कुणी खोदून विचारलंच की नेमक्या कुठल्या, तर वॉरलॉक पंचचं नाव सांगून मोकळे व्हा.