मुलाच्या स्थितीस अनुरूप

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात नेहमीसारखी चर्चा सुरू झाली. एक काका म्हणाले, मिशनच्या शाळा आता नावालाच मिशनच्या राहिल्यात, पोरांना साध्या दहा आज्ञा येत नाहीत, पूर्वीसारखा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास सक्तीचा करा, वचनं पाठ करून घ्या, सगळं ठिकाणावर येईल. चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण समोर पाळकसाहेब, बाकी सगळी वडीलधारी माणसं, आणि उन्हात उभं राहून संपणारा हा विषय नव्हता. पण घरी येऊन भाकरी थापताना पण डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितेय. मोठं होणार आहे, सवडीनं वाचा.

आधी माझं सांगते. मी नगरची (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागतेय), तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, आणि पंधरा वर्षं झाली मिशनच्याच एका शाळेत गणित शिकवते. बालपण सगळं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत गेलं. सुवर्णवचन पाठ केलं की रंगीत कार्ड मिळायचं, दहा कार्डं झाली की नाताळच्या कार्यक्रमात बक्षीस. माझ्याकडं डबाभर कार्डं होती. तेविसावं स्तोत्र मी एका दमात म्हणायचे. त्यामुळं मी पाठांतराला नावं ठेवतेय असं कुणी समजू नका. वडील आयसीयूत होते त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर मला तेच स्तोत्र आठवलं, दुसरं काहीच सुचत नव्हतं, पहाटेपर्यंत तेच म्हणत बसले. पण त्याच डबाभर कार्डांच्या मुलीनं मोठेपणी वर्गात काय केलं ते पण सांगते.

सहावीचा वर्ग, मार्च महिना. आमच्याकडं पाथर्डी-शेवगाव भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, लहान पोरं पण बरोबर जातात, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत येतात. त्या दिवशी सकाळच्या परिपाठाला मीच हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला होता, नव्व्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ एकाला शोधायला जातो तो. छान रंगवून सांगितला होता, मुख्याध्यापकांनी कौतुक पण केलं. आणि तिसऱ्या तासाला अपूर्णांकांची उजळणी घेताना एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं तर तो खडू हातात घेऊन नुसता उभा. चार महिन्यांनी शाळेत आला होता. मी म्हणलं, "इतके दिवस कुठं हुंदडत होतास, आता वर्गाचा रिझल्ट खाली आणणार का माझ्या?" वर्ग हसला. तो काही बोलला नाही. खडू परत ठेवताना त्याचा हात दिसला, बोटांवर, तळव्यावर बारीक बारीक काळ्या रेषा, उसाच्या पाचटानं कापलेल्या.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. हाताला काय झालं विचारलं तर म्हणाला, "मोळ्या बांधल्या, बाई." कोयता आईबापाचा, आणि मोळ्या बांधायचं, धाकटीला सांभाळायचं काम याचं. मग सहज विचारलं की टनाचा हिशोब कोण ठेवायचं, तर म्हणाला, "मीच की. दोघांचं मिळून दिवसाला पावणेदोन टन, आठ दिवसाला चौदा. उचल किती फिटली ते मीच सांगायचो. मुकादम एकदा दोन टन कमी धरत होता ते बी मीच पकडलं." (उचल म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम.) हातात ना कागद ना पेन्सिल. पावणेदोन गुणिले आठ! तोच अपूर्णांक तासाभरापूर्वी माझ्या फळ्यावर सात छेद चार असा लिहिलेला होता आणि त्या वेषात त्याला तो ओळखू आला नव्हता. नापास कोण झालं होतं त्या तासाला, तो का मी? मेंढपाळ स्वतः शोधत निघतो, इथं तर मेंढरू आपल्या पायांनी परत आलं होतं आणि मी त्याला दारातच फटकारलं.

त्या रात्री नीतिसूत्रं बाविसाव्या अध्यायातलं सहावं वचन काढून वाचलं. "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे." हे मला लहानपणापासून पाठ, याचं कार्ड पण होतं माझ्याकडं, गुलाबी रंगाचं. इंग्रजी बायबलात हेच वचन वाचलं तर मुलानं ज्या वाटेनं जायला पाहिजे त्या वाटेचं शिक्षण द्या असा सूर लागतो, म्हणजे वाट मोठ्यांनी आधीच ठरवलेली. आपल्या मराठी भाषांतरात मात्र शब्द आलाय 'स्थिती'. मूळ हिब्रूत 'त्याच्या वाटेप्रमाणे' असं आहे, त्याच्या म्हणजे त्या मुलाच्या. इतकी वर्षं मी हे वचन घोकलं आणि त्यातला स्थिती हा शब्द मला कधी थांबवून गेला नव्हता. त्या मुलाचे हात बघितले आणि मग तो शब्द वाचता आला.

म्हणून काकांना मला हे सांगायचंय की शाळेतलं ख्रिस्तीपण शास्त्राच्या तासात शोधू नका. ते गणिताच्या तासात बघा, उशिरा आलेल्या पोराशी बाई कशा बोलतात त्यात बघा, फी थकलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभं करतात का ते बघा. आणि सक्तीचं म्हणाल तर घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याच मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आपल्याला आपल्या शाळा काढायचा, चालवायचा हक्क ज्या घटनेच्या ३० व्या कलमानं दिलाय तीच घटना ही. पण कायद्यानं परवानगी असती तरी मी सक्ती केली नसती. माझ्या वर्गात ख्रिस्ती पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांच्या आयांनी आपलं लेकरू विश्वासानं माझ्याकडं सोपवलंय. त्या विश्वासाला धक्का लावून सांगितलेलं शुभवर्तमान हे शुभवर्तमान राहतच नाही.

आपल्याच गावातल्या सिंथिया फरार या मिशनरी बाईंचं बघा ना. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, लग्न न केलेली एकटी बाई, १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ ला वारल्या त्या पण इथंच. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतिरावांनी नगरला येऊन बघितल्या आणि १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग फरार बाईंकडं घेतलं. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत, सावित्रीबाई पण नाहीत. मग फरार बाईंचं आयुष्य वाया गेलं असं म्हणायचं का? आज या राज्यात एखादी मुलगी शाळेत जाताना दिसली की मला त्या बाईंच्या विश्वासाचं फळ दिसतं, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात त्याची नोंद नसली तरी.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. मुलगी आठवीत आहे. तिनं शब्बाथशाळेत विचारलं की देवानं सहा दिवसांत सगळं जग केलं तर मग डायनासोर कधी होते, सायन्सच्या पुस्तकात तर कोट्यवधी वर्षं लिहिलीत. उत्तर मिळालं, असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो. दोन रविवार ती गेलीच नाही. मी रागावले नाही, तिला लूकचा दुसरा अध्याय वाचायला दिला. जन्माच्या गोष्टी सोडल्या तर येशूच्या लहानपणाची एकच गोष्ट शुभवर्तमानांत आहे. बारा वर्षांचा मुलगा, आईबाप तीन दिवस शोधतात आणि सापडतो तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना! तिला म्हणलं, तू पण तेच करत होतीस बाळा. उत्पत्तीचा पहिला अध्याय मी देव कोण आणि आपण त्याचे कोण हे कळायला वाचते, दगडांचं वय कळायला भूगर्भशास्त्र वाचते, आणि दोन्ही वाचून मी प्रार्थनेला गुडघे टेकते. तिला पटलं का माहीत नाही, विचार करते म्हणाली. करू दे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर पण ज्यांनी त्यांना आधार दिला त्याच सिस्टरांशी पत्रांतून धर्मतत्त्वांवर भांडत राहिल्या, जे पटलं नाही त्याला हो म्हणल्या नाहीत. त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं. प्रश्न विचारून त्यांचा विश्वास पातळ झालेला मला तरी दिसत नाही.

तो मुलगा त्या वर्षी पास झाला. मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसायचे, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन हे सगळं त्याच्याच भाषेत, मोळ्या आणि टन घेऊन, मग हळूहळू छेद-अंश. पहिल्या दिवशी मी त्याची माफी मागितली, वर्गासमोरच, कारण हसला होता वर्ग. पुढच्या वर्षी परतलेली पोरं सात होती. त्यांच्यासाठी मी एक वही केलीय, सहावीचं बुडालेलं गणित चाळीस दिवसांत भरून काढायची, सगळी उदाहरणं ऊस, उचल, बैलगाडीची खेप, किराण्याची उधारी यांची. ज्या कुणा शिक्षकांकडं अशी पोरं येतात त्यांनी मेसेज करा, वहीचे फोटो पाठवते. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर येत्या जूनमध्ये एक दिवस माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसा, खरंच या, चहा माझ्याकडं.