ज्युरीवर राग आहे, पण पत्ता चुकलाय

‘निनावी’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकास,

नमस्कार. पिफसारख्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सिनेमाच्या महोत्सवांमधल्या पुरस्कारांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. रागानं लिहिली असली तरी शिवराळ नाही, आणि हल्ली एवढंही दुर्मीळ झालंय, म्हणून उत्तर सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की ज्युरीचा निकाल पटो न पटो, तो ज्युरीचाच राहू द्यावा, आयोजक, सरकार किंवा प्रेक्षक, कुणीच त्यात हात घालू नये. तुमच्या मते हा भाबडेपणा आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं. ज्या सिनेमाला सगळा हॉल टाळ्या वाजवतो तो कोरडा परत जातो, आणि जो सुरू असताना अर्धे लोक चहाला उठतात तो दहा लाख घेऊन जातो. तेव्हा पुरस्कार प्रेक्षकांच्या मतदानानं द्यावेत. शेवटी सवाल असा, की महाराष्ट्र शासनाचे पैसे परदेशी दिग्दर्शकाच्या खिशात का?

आधी मतदानाचं बोलू. तुम्ही पुण्याचे आहात हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंच, म्हणजे पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात कधीतरी बसला असालच. ‘अरे आवाज कुणाचा’ या घोषणेला छप्पर उडेल असं उत्तर येतं, आणि एकांकिकेचा पडदा वर जायच्या आत निम्म्या हॉलनं आपला निकाल लावून टाकलेला असतो. तिथे मतदान घेतलं तर करंडक कुठे जाईल? ज्या कॉलेजात पोरं जास्त आणि ज्याचं गेट टिळक रोडपासून जवळ, तिथे. त्याच स्पर्धेत २०२२ साली अंतिम फेरीच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! त्या निकालाबद्दल माझं मत काहीही असो, पण प्रेक्षकांच्या मतपेटीतून ‘कुणीच नाही’ हे उत्तर कधी बाहेर पडू शकेल का, याचा विचार करा.

सिनेमाच्या महोत्सवात घोषणा नसतात, पण मराठी स्पर्धेतल्या सिनेमाचा पहिला खेळ जवळून पाहा. मधल्या चार-पाच रांगा रुमाल, पर्स आणि जाकिटं टाकून धरलेल्या असतात. युनिट आलेलं असतं. युनिटचे आईवडील, मावश्या, ज्या गावात शूटिंग झालं तिथले सरपंच, सगळे. श्रेयनामावलीत साऊंड असिस्टंटचं नाव आलं की डावीकडून शिट्टी येते, गावातल्या शाळेचं नाव आलं की उजवीकडून. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या, पास काढून आलेल्या डेलिगेटला वाटतं, काय प्रतिसाद आहे! मला स्वतःला असे खेळ फार आवडतात, कारण त्या मावश्यांचा आनंद अस्सल असतो. पण ‘सगळा हॉल टाळ्या वाजवत होता’ हा पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवू नका. शिवाय एकाच महोत्सवात एका सिनेमाचा खेळ सकाळी नऊला छोट्या स्क्रीनला लागतो आणि दुसऱ्याचा संध्याकाळी मोठ्या. मतं मोजायची कशी?

प्रेक्षकांचा पुरस्कार असूच नये असं मात्र मी म्हणत नाही. टोरांटोच्या महोत्सवात सगळ्यात मानाचा पुरस्कार प्रेक्षकच देतात. २००८ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला आणि २०१८ साली ‘ग्रीन बुक’ला तो मिळाला, पुढे दोघांनाही ऑस्कर मिळालं. आपल्याकडे केरळच्या महोत्सवातही ज्युरीच्या बरोबरीनं प्रेक्षकांची निवड असते. पण या यादीकडे नीट बघितलंत तर प्रेक्षकांना काय भावतं ते कळतं: ज्याच्या शेवटी डोळे पाणावतात आणि मन हलकं होतं असा सिनेमा. त्यात वाईट काहीच नाही, फक्त त्या मतपेटीतून ‘कोर्ट’ वर आला नसता. २०१४ साली व्हेनिसमध्ये चैतन्य ताम्हाणेच्या या पहिल्याच सिनेमाला ओरिझोन्ती या नव्या वाटेच्या सिनेमांच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, पदार्पणासाठीचा पुरस्कारही मिळाला, आणि मग इथल्या लोकांनी तो पाहिला. आधी पुरस्कार, मग प्रेक्षक, या उलट्या क्रमानंच असे सिनेमे जगतात. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘किल्ला’ला मुलांच्या ज्युरीनं क्रिस्टल बेअर हा आपला पुरस्कार दिला. कोकणातल्या पावसातली गोष्ट, मराठी बोलणारी पोरं, आणि निकाल देणारी मुलं बर्लिनची. त्या मुलांशी कुणाची ओळखपाळख होती म्हणायची?

आता ‘सगळं ठरलेलं असतं’बद्दल. इथे तुम्हाला माझ्याकडून जरा जास्त दारूगोळा मिळेल, कारण हा संशय हवेतला नाही. आपल्या पिफमध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला ‘संत तुकाराम’ पुरस्कार असतो आणि जागतिक स्पर्धेतल्या विजेत्याला ‘प्रभात’. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, प्रभातचा, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारातला. १९३७ साली व्हेनिसला त्याची खास दखल घेतली गेली आणि तो अभिमान आपण अजून मिरवतो. मिरवावाच. पण त्या महोत्सवातला सर्वोच्च सन्मान कुठला होता? मुसोलिनी चषक. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, तो चषक नाझी जर्मनीतल्या लेनी रीफेनश्टालच्या ‘ऑलिंपिया’ला आणि मुसोलिनीच्या मुलाच्या देखरेखीखाली झालेल्या एका इटालियन सिनेमाला विभागून दिला गेला. ब्रिटिश आणि अमेरिकी परीक्षक निषेध म्हणून बाहेर पडले. फ्रेंचांनी ठरवलं, आपण आपला वेगळा महोत्सव काढू, आणि कानचा महोत्सव उभा राहिला. मुहूर्त १ सप्टेंबर १९३९ चा होता. त्याच दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला, त्यामुळे महोत्सव खऱ्या अर्थानं भरला तो १९४६ साली. तिथे चेतन आनंदच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. (सोबत आणखी दहा सिनेमांना! सगळ्यांना खूश ठेवण्याची कला पुणेरी नाही, एवढं नक्की.)

जवळचं उदाहरण हवं असेल तर २०१७ चा गोव्याचा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागासाठी ज्युरीनं रवी जाधवचा ‘न्यूड’ आणि मल्याळममधला ‘एस दुर्गा’ निवडले होते. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं दोन्ही यादीतून काढले. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. म्हणजे निकाल फिरवला गेला, हे खरंच. पण फिरवला कुणी आणि खुर्ची सोडली कुणी, ते बघा. व्हेनिसलाही तेच झालं होतं. ज्युरी ही या साखळीतली सगळ्यात दुबळी कडी आहे. पाहुणी म्हणून येते, हॉटेलात राहते, आठवडाभरानं विमानात बसते. तिच्यावर दबाव टाकणारे मात्र वर्षभर तिथेच असतात.

याला उलटं उदाहरणही आहे, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढं निवडलं. १९७० साली बर्लिनमध्ये मिखाएल फेरहोफेनच्या व्हिएतनाम युद्धावरच्या ‘ओ. के.’वरून जॉर्ज स्टीव्हन्सच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीनं तो सिनेमा स्पर्धेत ठेवण्यावरच हरकत घेतली आणि निवड समितीनं फेरविचार करावा असा आग्रह धरला. प्रकरण इतकं चिघळलं की ज्युरीनं राजीनामा दिला आणि त्या वर्षी एकही पुरस्कार दिला गेला नाही. ज्युरी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसते तेव्हा असं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. पिफकडे अलीकडे दरवर्षी हजाराच्या घरात सिनेमे येतात. त्यातले दीडशेच्या आसपास आपल्याला पडद्यावर दिसतात. जागतिक स्पर्धेत चौदा, मराठी स्पर्धेत सात. ज्युरीच्या हाती येतात ते फक्त तेवढेच. हजारातून चौदा करणारे वेगळे, चौदातून एक काढणारे वेगळे. तुम्हाला जो अन्याय वाटतो तो झालाच असेल, तर आकड्यांचा हिशेब बघता पहिल्या टप्प्यावर होण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण महोत्सवाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्यातल्या किती जणांनी कॅटलॉगमधलं निवड समितीचं पान उघडलंय? आपण उघडतो ते शेड्यूल, आणि त्यावर पेनानं गोल करतो. ज्युरीचे फोटो छापून येतात, तिचं स्टेजवर स्वागत होतं, म्हणून शिव्याही तिलाच. लॅपटॉपवर लिंक उघडून, रात्री जेवण झाल्यावर, अनोळखी देशातला तिसरा सिनेमा बघणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला माहीतच नसतो. तो विसाव्या मिनिटाला थांबला असेल तर त्या सिनेमाचं पुण्यातलं आयुष्य तिथेच संपलं, आणि त्याबद्दल कुणी प्रतिक्रियाही लिहिणार नाही.

ज्युरीच्या खोलीत काय होतं तेही गूढ नाही. पाच-सात-नऊ माणसं, प्रत्येकाचा लाडका सिनेमा वेगळा. वाद घालून दमले की जो कुणाचाच पहिला नव्हता पण सगळ्यांचा दुसरा होता, तो वर येतो. कानमध्ये तर १९९१ साली ‘बार्टन फिंक’नं मुख्य पुरस्कार, दिग्दर्शन आणि अभिनय असं सगळंच नेल्यावर पुरस्कार वाटून देण्याकडे नियमच वळवले गेले. त्यामुळे ‘याला हा दिला म्हणून त्याला तो दिला’ असं जे तुम्हाला दिसतं, ते बऱ्याचदा खरंच असतं. त्याला लबाडी म्हणायचं का? मी नाही म्हणणार. माणसं बदला, निकाल बदलतो. २०२४ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कानच्या ज्युरीतल्या नऊ जणांनी ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार दिला. काही महिन्यांनी ऑस्करसाठी भारताची निवड करणाऱ्या तेरा जणांच्या समितीनं तो बाजूला ठेवून ‘लापता लेडीज’ पाठवला. छाया कदम दोन्हींत आहे, बिचारीनं कुणाची बाजू घ्यायची! दुसरा निर्णय मला अजिबात पटला नाही, आणि तेव्हा मी तसं लिहिलंही. पण त्या तेरा जणांना तो द्यायचा हक्क नव्हता, असं माझ्या मनात आलं नाही.

पैशाचं चटकन सांगतो. सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाला दहा लाख आणि संत तुकाराम पुरस्काराला पाच लाख, ही रक्कम तुम्हाला खटकते. चांगला सिनेमा पुण्याच्या स्पर्धेत का उतरावा, याला काहीतरी कारण लागतं. बर्लिन-व्हेनिसकडे नाव आहे, आपल्याकडे थंडी आणि मिसळ आहे. तो सिनेमा इथे आला नाही तर तुम्ही-मी तो मोठ्या पडद्यावर बघणारच नाही. मराठी पुरस्काराची रक्कम वाढवा, ही मागणी असेल तर माझी सही घ्या. एकाचं काढून दुसऱ्याला द्या, याला नाही.

महोत्सवाआधी दरवर्षी पत्रकार परिषद होते. उद्घाटनाचा सिनेमा कुठला, पाहुणे कोण, सत्कार कुणाचा, हे विचारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं. तुम्ही पत्रकार असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर या वेळी एवढंच विचारायला सांगा: आलेला प्रत्येक सिनेमा किती जणांनी पाहिला, आणि शेवटपर्यंत पाहिला का? उत्तर मिळालं तर इथे लिहा, मी त्यावर वेगळा लेख करतो.