चित्र बघायला जाताय? बोट सोबत न्या

रविवारी मॉलला न जाता चित्रांच्या प्रदर्शनाला जायचं ठरवलंत, अभिनंदन. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असेलच, नसेल तर आधी टाका आणि मग निघा. तिथे गेल्यावर कसं बघायचं, काय बोलायचं, कुठे टेकायचं याची चिंता करू नका. मी स्वतः चित्रं काढते आणि ठाण्यातल्या हॉलपासून मुंबईत गॅलऱ्यांच्या काळ्या घोड्यापर्यंत वाऱ्या करत असते, त्यामुळे जाणकार रसिक कसे वागतात ते फार जवळून बघितलंय. तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे शक्यतो उद्घाटनालाच जा. नंतर गेलात तर चित्रं बघावी लागतात. उद्घाटनाला तो धोका नाही. पाचचे पाहुणे पावणेसातला येतात, एसीच्या झोतात समई दोनदा विझते, मग शाल, मग श्रीफळ, मग 'मला खरं तर कलेतलं काही कळत नाही' असं म्हणून सुरू झालेलं आणि पुढचा अर्धा तास कलेबद्दलच चाललेलं भाषण, आणि मग समोसे. समोशाची प्लेट कुठे ठेवायची असा प्रश्न पडला तर शिल्पाखालचा पांढरा ठोकळा बघा, शिल्पाच्या बाजूला बरोबर एक प्लेट मावेल एवढी जागा सोडलेली असते. पाहुण्यांचा फ्लेक्स लावायला भिंत शिल्लक नसेल तर चार-पाच जलरंगांवरून खुशाल सोडायचा. जलरंगात पांढरा रंग सहसा लावतच नाहीत, कागद तसाच कोरा सोडतात आणि तो कोरा कागद म्हणजेच चित्रातला उजेड. फ्लेक्सवर साहेबांचे दात पण तसेच पांढरे सोडलेले असतात, फार काही फरक पडत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीला गेलात तर आत शिरता शिरताच म्हणा, 'समोवार बंद झालं आणि जहांगीरची मजा गेली.' 2015 ला बंद झालं ते कॅफे. बटाटा पराठ्याची आठवण काढून उसासा टाकला की तुम्ही जुने जाणते ठरता, मग चित्रं नाही बघितली तरी चालतं. गॅलरी 1952 पासून उभी आहे, तिथली तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतो आणि त्याला जेमतेम आठवडाभर हॉल मिळतो. त्या आठवड्यात तुम्ही एसीत घाम वाळवायला आलात हेच त्याचं भाग्य.

म्युझियमसाठी वेगळी तयारी लागत नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड राणीच्या बागेच्या गेटलाच लागून आहे, पेंग्विन बघून पोरं कंटाळली की पाय मोकळे करायला बरं. इमारत 1872 ची आहे, आतलं छत बघून मान दुखते, तेव्हा छत बघू नका. बाहेर एक दगडी हत्ती आहे, त्याला टेकून फोटो काढा. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. 1864 साली साहेब तो विलायतेला न्यायला निघाला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते 1914 मध्ये जोडून त्याला परत उभा केला. एवढ्यातून वाचलाय म्हटल्यावर तुमचा आठ वर्षांचा सोन्या त्याच्या पाठीवर चढला तर त्याला काय होणारे.

मिनिएचर पेंटिंग्जच्या दालनात दीड मिनिटापेक्षा जास्त थांबू नये. चित्रं लहान आहेत, वेळही तेवढाच.

आता मुद्द्याचं, विद्यार्थ्यांची प्रदर्शनं. इथे तुम्हाला खरा वाव आहे, कारण मोठ्या गॅलरीत सिक्युरिटीवाला असतो, इथे कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन पोरं बसलेली असतात, रात्रभर जागून चित्राभोवतीचे पुठ्ठ्याचे माउंट कापलेले, तंगूस बांधून फ्रेम टांगलेल्या, डोळे लाल, आणि तुम्ही आलात म्हणून उठून उभी राहतात. त्यांना लगेच विचारायचं, 'हे काढायला किती वेळ लागला?' पंधरा दिवस म्हणाली की मनात तासाचा रेट काढायचा. किंमत तीन हजार सांगितली की जांभळी नाक्यावर कोथिंबिरीला करतो तसं तोंड करायचं आणि 'फ्रेमसकट ना?' विचारायचं.

प्रिंटमेकिंगची चित्रं असतात त्यांच्या खाली पेन्सिलने 3/10 असं लिहिलेलं दिसेल. मोठ्याने म्हणायचं, 'दहापैकी तीनच? एवढं काही वाईट नाहीये.' हा विनोद नाही हं, हे मी कानाने ऐकलंय, आणि त्या पोराने न हसता समजावून सांगितलं की काका, एका प्लेटवरून दहाच छापे काढलेत आणि हा त्यातला तिसरा आहे. काका म्हणाले, 'म्हणजे झेरॉक्स.'

'माझा मुलगा पण काढतो.' हे वाक्य विसरलात तर प्रदर्शन बघितलंच नाही असं समजा. मग मोबाईल काढून त्याची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ए ग्रेड, गणपतीचं स्केच, स्पायडरमॅन, मध्येच तुमच्या लोणावळ्याच्या ट्रिपचे फोटो, सगळं त्या विद्यार्थ्याला दाखवायचं. स्वतःच्या चित्रासमोर उभा राहून तो तुमचे फोटो बघतो. बघायलाच हवेत, दहावीला वाढीव मार्क मिळालेत.

एआयला सांगितलं तर दोन सेकंदात काढून देतं, हेही म्हणून टाका.

आणि बोट. बोट घरी विसरू नका. चित्र डोळ्याने बघतात हा सामान्य लोकांचा गैरसमज आहे, खरा रसिक हात लावून बघतो. परवा ठाण्यातल्याच एका प्रदर्शनात असे एक रसिक भेटले. कळव्याच्या एका मुलीने सॉफ्ट पेस्टलमध्ये आजीचं पोर्ट्रेट केलं होतं, खिडकीशी बसून मेथी निवडणारी आजी, आणि खिडकीतून येणारा सगळा उजेड एका गालावर. मी बराच वेळ तिथेच उभी होते कारण त्या गालात तिने पिवळ्यावर फिकट निळा असा काही ठेवला होता की कातडी पातळ झालेली दिसत होती, म्हाताऱ्या माणसांची होते तशी. तेवढ्यात काका आले. शेजारी 'कृपया चित्रांना हात लावू नये' अशी पाटी होती, ती त्यांनी आधी बोट ठेवून वाचली. मग तेच बोट आजीच्या गालावर ठेवलं आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत ओढलं. सावकाश. मग बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं, 'खडू आहे वाटतं' म्हणाले आणि माउंटच्या पांढऱ्या बोर्डाला पुसलं!

आता हे सॉफ्ट पेस्टल म्हणजे काय ते सांगते, काकांनी विचारलं नाही तरी. जवळजवळ नुसती रंगाची पूड असते ती, बांधायला डिंक नावापुरता. ऑइलसारखी वाळून घट्ट बसत नाही, कागदाच्या खरखरीत दाण्यात अडकून राहते, एवढंच. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, मारता येतं, पण त्याने उजेडाचे रंग मंद पडतात, म्हणून बरेच जण शेवटच्या थरावर मारतच नाहीत, तिनेही मारलं नव्हतं. काच लावायची तर ती पेस्टलला टेकून चालत नाही, मध्ये जाड माउंट घालून अंतर ठेवावं लागतं, त्याचा खर्च ठाण्यात कुठल्याही फ्रेमवाल्याकडे विचारून बघा आणि तो कॉलेजच्या पोरीला परवडतो का ते मला सांगा. आणि एकदा बोट फिरलं की ते नीट करता येत नाही हो. पूड दाबली जाते, बोटाचं तेल लागतं, दाणे भरून जातात, वर नवीन रंग लावला तर तो धरतच नाही, चिखल होतो नुसता. ती पोरगी 'काका, हात...' एवढंच म्हणू शकली. काका म्हणाले, 'अगं, कौतुकानेच बघतोय ना! आणि एवढं आहे तर काच लावायची.' काकू तोपर्यंत पार्किंगची वेळ संपतेय म्हणून दारात उभ्या होत्या.

पुढचा सल्ला अभिप्राय वहीत काय लिहावं याचा होता. 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहा आणि खाली तुमचं हुद्द्यासकट नाव.

जाऊ दे, मला नाही जमत हे गोड गोड लिहायला. चित्र कळत नाही याबद्दल तुमच्यावर कोणीही चिडलेलं नाही. न कळता उभे राहा ना, पाच मिनिटं उभे राहा, विचारा, नाही आवडलं तर तोंडावर सांगा, पोरं ऐकून घेतात, त्यांचे सर याहून वाईट बोलतात त्यांना. फुकट आत सोडतात, एसी असतो, कोणी हाकलत नाही, त्या बदल्यात हात खिशात ठेवायचे एवढंच मागतात आणि तेवढंही होत नाही तुमच्याने? तुमच्या गाडीच्या धुळीत कोणाच्या पोराने बोटाने नाव लिहिलं तर सीसीटीव्ही फुटेज मागता, सेक्रेटरीला फोन करता, ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडता. गाडी धुतली की ते नाव जातं. तिच्या आजीचा गाल गेला तो गेला. तुम्ही पंचावन्न-साठचे असाल, ती एकोणीस-वीसची, पाटी तुम्हाला वाचता येत होती, वाचलीत, आणि वर तिलाच अक्कल शिकवलीत की काच लावायची. पैसे देणार होतात का काचेचे? निदान सॉरी म्हणायचं. एक सॉरी. तेही नाही, उलट जिना उतरताना काकूंना म्हणालात, 'आजकालची मुलं फार सेन्सिटिव्ह झालीत.' ऐकलंय मी, तुमच्या मागेच होते.