जर्नलिंग आहे म्हणून डायरेक्ट स्विच ऑफ? थांबा जरा

परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की आजकाल लिनक्सच्या फाइलसिस्टमला (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) जर्नलिंग असतं, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद होते, शटडाउन करत बसणं म्हणजे टाइमपास, सरळ पॉवर बटण दाबून धरा. वर हेही, की रूट, म्हणजे सिस्टम जिच्यावर चालते ती मुख्य फाइलसिस्टम, तर चालू सिस्टममध्ये अनमाउंट होतच नाही (सुटी करता येतच नाही), मग कशाला थांबायचं.

दहादा असं केलं तर नऊदा काही होत नाही हे मान्य, म्हणूनच लोकांना पटतं.

पण जर्नल नेमकं सांभाळतं काय? लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम ईएक्सटी४ डीफॉल्टला फक्त मेटाडेटाचं जर्नल ठेवते, म्हणजे फाइलचं नाव, साइझ, कुठले ब्लॉक वापरले वगैरे. आतला मजकूर रॅममध्येच असतो आणि लिनक्स तो डीफॉल्टला ३० सेकंद तरी आरामात तसाच ठेवतं. वागळे इस्टेटमधल्या एका प्रेसचं मशीन मी बघतो, तिथे रोज संध्याकाळी दिवसभराची बिलं दुसऱ्या डिस्कवर कॉपी होतात. पोराने बघितलं कॉपी झाली, आणि लोकल पकडायची म्हणून दहा-बारा सेकंदांत मेन स्विचच पाडला. सकाळी बघतो तर नावं सगळी जागेवर, साइझ शून्य! आणि एफएससीके (फाइलसिस्टम तपासणारी कमांड) म्हणतं सगळं क्लीन. बरोबरच आहे, जर्नलने त्याचं काम चोख केलं होतं, बिलं सांभाळणं त्याच्याकडे नव्हतंच.

रूटचं म्हणाल तर शटडाउन करताना सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) प्रोसेसना आधी सिगटर्म देतं, म्हणजे बंद व्हायला सांगतं, ऐकलं नाही तर सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद, मग बाकीचे माउंट काढतं आणि रूट निघत नसेल तर निदान रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असं) करतं, त्यातच रॅममधलं उरलेलं सगळं डिस्कवर उतरतं. शटडाउनच्या वेळी स्क्रीनवर ते 'स्टॉप जॉब' दीड मिनिट मोजत बसतं ना, तेव्हा कुठलीतरी सर्व्हिस बंद व्हायची बाकी असते. कुठली ते तिथेच लिहिलेलं असतं, तिला धरा, वायर कशाला ओढता.

पेनड्राइव्हवर तर बोलायलाच नको, एफएटी३२ आणि एक्सफॅटला जर्नलच नसतं.

मशीन खरंच अडकलं तर अल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून एस, यू, बी, मध्ये थोडं थांबत. सिंक (रॅममधलं डिस्कवर उतरवणं), रीड-ओन्ली, रीबूट. उबुंटूत हे तिन्ही डीफॉल्टला चालतात.

प्रेसच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी सिंक टाकलंय आणि 'झालं' हा मेसेज त्याच्या नंतर येतो. पोराची लोकल अजून तीच आहे.