बँकॉकला निघालेल्या शहाण्यांनो

दर दिवाळीनंतर ऑफिसातलं एक टोळकं बँकॉकला निघतं. मी एकदा जाऊन आलोय, म्हणून माझ्या टेबलाशी येऊन डोळे मिचकावतं. ‘काय रे, तिकडे पोरी लगेच पटतात ना?’

अरे बाबांनो! बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावरच्या बारमध्ये शेजारी येऊन बसलेली मुलगी तुमच्या ढेरीवर भाळलेली नसते. तिला पाजलेल्या प्रत्येक ‘लेडी ड्रिंक’वर तिला कमिशन मिळतं. ड्यूटीवर असते ती! मग बिल बघून हेच बोंबलणार, ‘लुटलं रे!’ आत फोटो काढू नका म्हटलं की मोबाईल हमखास वर. आणि तिथे सगळं खुल्लमखुल्ला, हा कुठला शोध? 1996च्या कायद्याने वेश्याव्यवसाय तिथेही गुन्हाच आहे.

त्यात हॉटेलातली रिसेप्शनिस्ट हात जोडून हसली तरी यांना इशारा वाटतो. अरे, तो ‘वाय’, त्यांचा नमस्कार! विरार लोकलमध्ये बाईकडे टक लावून बघितलं तर चपलेने समाचार घेतील, हे बरोबर कळतं. विमानात बसलं की ती अक्कल कुठे जाते?

कालच एक जण कुजबुजला, ‘बायकोला काय सांगू रे?’

मी हेडफोन लावले.